तत्त्वज्ञान कशाशी खातात?

‘उगाच तत्त्वज्ञान झाडू नकोस!’ हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येते. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी ‘मार्कांनी काय होतंय गं’ म्हणाली की हे वाक्य. मेसच्या पातळ आमटीत कुणाला जीवनाची नश्वरता दिसली की पुन्हा हेच वाक्य. तत्त्वज्ञान म्हणजे एकतर अभ्यास टाळण्याची सबब, नाहीतर रिटायर झाल्यावर देवळाच्या पारावर बसून करायचा उद्योग, अशी आपली पक्की समजूत आहे.

मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या टेबलावर मशीन्सच्या पुस्तकाशेजारी तत्त्वज्ञानाचे पुस्तक दिसले की मैत्रिणी विचारतात, ‘हे कुठल्या सेमला आहे?’ कुठल्याच नाही. मग वाचून उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. इंजिनिअरने उपयोग विचारू नये तर कुणी विचारावा? या लेखात मी त्याचे उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे. त्यासाठी हिमालयात जायची गरज नाही. खोलीतल्या स्विचबोर्डापासून सुरुवात करू.

आपल्याला काय काय ‘माहीत’ असते?

आपल्या डोक्यात शेकडो गोष्टी ‘माहीत आहे’ या खात्यावर जमा असतात. सकाळी सहाला टाकीचे पाणी येते. टेस्टर पेटला म्हणजे लाइट आहे. न्यूट्रलला शॉक लागत नाही. अमुक सर व्हायवात सोडून देतात. मुलींना वर्कशॉप जमत नाही. यातली प्रत्येक गोष्ट आपण तितक्याच ठामपणे सांगतो. पण ती आपल्याला कळली कशी, असे विचारले की गाडी अडते.

‘कळली कशी’ हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने त्याचा व्यवस्थित हिशोब मांडला आहे. ज्ञान मिळवण्याच्या साधनाला ते प्रमाण म्हणतात आणि अशी चार प्रमाणे मानतात. डोळ्यांनी पाहिले, हाताने चाचपले ते प्रत्यक्ष. खुणेवरून ताडले ते अनुमान. सारखेपणावरून ओळखले ते उपमान. आणि भरवशाच्या माणसाने सांगितले म्हणून मानले तो शब्द. नावे जड वाटली तरी आपण दिवसभर हेच करत असतो. मेसमधून करपल्याचा वास आला की न बघताच आपण म्हणतो, ‘आज पोळ्या जळल्या.’ हे अनुमान झाले.

अनुमानाचे न्यायातले ठरलेले उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसला, म्हणून तिथे आग असणार. या अनुमानाचा पाया काय? ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग’ हा नियम. त्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की तर अनुमान पक्के.

आता तोच नियम उलटा करून पाहा. ‘जिथे आग, तिथे धूर’ हे खरे आहे का? चुलीसमोर आयुष्य काढलेल्या माणसाला ते खरे वाटेल. पण न्यायवाले लाल तापलेल्या लोखंडी गोळ्याकडे बोट दाखवतात. त्यात आग आहे, धूर नाही. आपल्या वर्कशॉपच्या स्मिथी सेक्शनमध्ये भट्टीतून काढलेला लालभडक रॉड सगळ्यांनीच पाहिला आहे. मग चुलीत धूर का दिसत होता? कारण लाकूड ओले होते. आगीबरोबर ओल्या जळणाची अट गुपचूप चिकटलेली होती आणि ती आपल्या लक्षातच आली नव्हती. अशा लपलेल्या अटीला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात.

माझ्या मते आपल्या रोजच्या ज्ञानाची मर्यादा या एका शब्दात सापडते. आपले नियम बहुतेक वेळा खोटे नसतात. ते एका अटीवर खरे असतात आणि ती अट आपल्याला ठाऊक नसते.

टेस्टर आणि न्यूट्रल

गेल्या वर्षी आमच्या खोलीतला पंखा, ट्यूब आणि चार्जरचा पॉइंट एकदम बंद पडले. शेजारच्या खोलीतली एक मैत्रीण टेस्टर घेऊन आली. सॉकेटच्या एका भोकात घातला, पेटला. ‘लाइट तर आहे!’ दुसऱ्या भोकात घातला, तिथेही पेटला. ‘अगं, डबल लाइट आहे!’ सगळ्या हसल्या. तेवढ्यात होस्टेलचे वायरमन काका आले आणि एकदम ओरडले, ‘हात लावू नका पोरींनो, न्यूट्रल तुटलाय!’

टेस्टरच्या आत एक छोटा निऑनचा दिवा आणि त्याच्याबरोबर फार मोठ्या किमतीचा रेझिस्टर असतो. आपण टेस्टरच्या वरच्या टोकाला बोट लावतो तेव्हा अगदी नगण्य करंट आपल्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे टेस्टर एवढेच सांगतो की या टोकात आणि तुमच्यात पुरेसा व्होल्टेज आहे. सर्किट पूर्ण आहे की नाही, हे तो सांगत नाही. ‘टेस्टर पेटला म्हणजे लाइट आहे’ या नियमाला ‘परतीचा रस्ता शाबूत असेल तर’ ही अट चिकटलेली असते.

आता दुसरा नियम घ्या. ‘न्यूट्रलला शॉक लागत नाही.’ घरोघरी हे खरे ठरलेले असते, कारण न्यूट्रल मागे पुरवठ्याच्या ठिकाणी अर्थशी जोडलेला असतो. पण मध्येच न्यूट्रल तुटला आणि पंख्याचा स्विच चालू राहिला, तर फेज पंख्याच्या वाइंडिंगमधून पलीकडे पोहोचतो आणि तुटलेल्या जागेच्या अलीकडची निरुपद्रवी काळी वायर २३० व्होल्टची होते. म्हणून दुसऱ्या भोकातही टेस्टर पेटला होता. ‘काळ्या वायरला काही होत नाही’ हे शंभर वेळा खरे ठरलेले ज्ञान एकशेएकाव्या वेळी जीव घेऊ शकते.

काकांनी मेन बंद केला आणि वायरला हात लावण्याआधी एक गमतीची गोष्ट केली. व्हरांड्यातल्या चालू पॉइंटवर जाऊन त्यांनी टेस्टर पेटतोय ना ते पाहिले. मग आमच्या बोर्डावर तपासले, तिथे पेटला नाही. मग परत व्हरांड्यात जाऊन पाहिले. मी विचारले, ‘काका, दोनदा कशाला?’ ते म्हणाले, ‘टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असं कुणी सांगितलं? टेस्टरच मेला असंल तर?’

काकांनी न्यायदर्शन वाचलेले नाही. पण ज्या साधनाने मला कळते आहे त्या साधनावर मी का विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर मिळवायची रीतही बसवली. मला तत्त्वज्ञान म्हणतात ते हेच वाटते. पुस्तकात त्याला ज्ञानमीमांसा म्हणतात, एवढाच फरक.

चार्वाक आणि ह्यूम

आता जरा खोल पाण्यात शिरू. कुणी म्हणेल, ‘ठीक आहे, सगळ्या अटी शोधून काढू. मग तर नियम पक्का होईल ना?’

इथे चार्वाक आडवे येतात. चार्वाक म्हटले की आपल्याला कर्ज काढून तूप पिणारा माणूस आठवतो. पण त्यांचा खरा दणका अनुमानावर आहे. त्यांचे ग्रंथ जवळपास सगळे नष्ट झाले आणि मते आपल्याला विरोधकांच्या पुस्तकांतून कळतात. १४ व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त त्यांचा मुद्दा मांडला आहे. तो असा : व्याप्ती सर्व ठिकाणी आणि सर्व काळी खरी असायला हवी. डोळ्यांना दिसते ते इथले आणि आत्ताचे. उद्याचा धूर आज कोण पाहणार? बरे, व्याप्ती अनुमानाने सिद्ध करावी, तर त्या अनुमानाला पुन्हा दुसरी व्याप्ती लागणार. म्हणजे पहिल्या मजल्यासाठी दुसरा मजला आधी बांधायचा!

स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७३९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असाच मुद्दा मांडला. आजवर असे घडले म्हणून उद्याही तसेच घडेल, हे आपण कशावरून म्हणतो? निसर्ग एकसारखा वागतो म्हणून. आणि निसर्ग एकसारखा वागतो हे कशावरून? आजवर वागला म्हणून! म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले. ह्यूमचे म्हणणे असे, की उद्याबद्दलचा आपला भरवसा तर्कातून येत नाही, तो सवयीतून येतो.

हे वाचून मला दोन दिवस चैन पडले नव्हते. ओहमचा नियमसुद्धा सवयच? मग आपण इंजिनिअरिंग करतो आहोत की ज्योतिष?

याचे एक सुंदर उत्तर १० व्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिले आहे. शंका घ्यायला हरकत नाही, पण शंकेलाही एक हद्द असते. ज्या शंकेमुळे तुमचे स्वतःचे वागणेच खोटे पडते तिथे ती थांबली पाहिजे. आगीने अन्न शिजते यावर तुमचा खरोखर विश्वास नसेल, तर भूक लागल्यावर तुम्ही चूल का पेटवता? म्हणजे शंका हवी, पण ती प्रामाणिक हवी. वायरमन काकांची शंका या कसोटीला उतरते. त्यांनी टेस्टरवर शंका घेतली, ती तपासून मिटवली आणि कामाला लागले. ‘कशालाच काही अर्थ नाही’ म्हणून सबमिशन न लिहिणाऱ्या माणसाची शंका उतरत नाही. अर्थात उदयनाचार्यांनी चार्वाकाला गप्प केले की नाही, यावर अजून वाद चालू आहे. मला स्वतःला वाटते, की त्यांनी जगायचे कसे ते सांगितले, पण चार्वाकाचा तर्क मोडला नाही.

चाचणीनेच फसवले तेव्हा

‘हे सगळे होस्टेलच्या स्विचबोर्डापुरते. मोठ्या कंपन्या सगळे टेस्ट करून घेतात,’ असे कुणी म्हणेल. म्हणून कॉमेट विमानाची गोष्ट.

द हॅविलँड कंपनीचे कॉमेट हे प्रवासी सेवेत आलेले जगातले पहिले जेट विमान. मे १९५२ मध्ये त्याची नियमित सेवा सुरू झाली. उंचावर हवा विरळ असते, म्हणून केबिनमध्ये दाब वाढवावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचे धड फुग्यासारखे थोडे ताणले जाते आणि उतरल्यावर सैल होते. असे पुन्हा पुन्हा झाले की धातू थकतो आणि त्याला तडा जातो. यालाच फटीग म्हणतात. कंपनीला हे माहीत होते. त्यांनी धडाच्या एका भागाची चाचणी घेतली आणि तो नेहमीच्या दाबाचे सुमारे १८,००० फेरे टिकला.

१० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेतच फुटले. ३५ माणसे गेली. काही बदल करून सेवा पुन्हा सुरू झाली आणि ८ एप्रिलला दुसरे विमान नेपल्सजवळच्या समुद्रात गेले. आणखी २१ माणसे गेली. पहिल्या विमानाने दाबाची सुमारे १,३०० उड्डाणे केली होती, दुसऱ्याने तर ९०० च. १८,००० कुठे आणि ९०० कुठे!

मग इंग्लंडमधल्या फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या धडात पुन्हा पुन्हा दाब भरण्यात आला. आधीची उड्डाणे धरून ३,०५७ फेऱ्यांना ते फाटले. मग पहिला तुकडा एवढा टिकला कसा? कारण मजबुती तपासण्यासाठी त्याच तुकड्यावर आधी नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देऊन पाहिला होता. त्या जादा दाबाने खिडक्यांच्या कोपऱ्यांतला धातू थोडा कायमचा ताणला गेला. दाब काढल्यावर त्या जागी उलटा, दाबून धरणारा ताण शिल्लक राहिला आणि तड वाढायला अडथळा झाला. म्हणजे चाचणीनेच नमुना बदलला! प्रत्यक्ष उडणारी विमाने अशी ‘तयार’ झालेली नव्हती.

‘१८,००० फेरे टिकते’ हे ज्ञान खोटे नव्हते. ‘आधी जादा दाब दिलेला असेल तर’ एवढी उपाधी त्यात होती. ओले जळण आणि विमानाची खिडकी यांत तर्काच्या दृष्टीने काहीच फरक नाही. ‘मला हे माहीत आहे असे मी कशावरून म्हणतो?’ हा प्रश्न किती महाग पडू शकतो, हे त्या ५६ माणसांवरून कळते.

बरोबर उत्तर, चुकीचे कारण

आता आपल्या सगळ्यांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांकडे वळू. रीडिंग चुकले तरी उत्तर बरोबर येते, ही कला आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. उत्तर बरोबर आहे, मग बिघडले काय?

८ व्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने यावर झकास उदाहरण दिले आहे. एके ठिकाणी मांस भाजायला नुकतीच आग पेटवली आहे. धूर अजून निघालेला नाही. पण मांसावर कीटकांचा थवा जमला आहे. दूरचा माणूस त्या काळ्या ढगाला धूर समजतो आणि म्हणतो, ‘तिथे आग आहे.’ आग खरेच आहे! पण त्याला ते ‘माहीत होते’ असे आपण म्हणू का? नाही म्हणणार. त्याचा निशाणा चुकून लागला. अमेरिकेच्या एडमंड गेटियरने १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात हाच प्रश्न वेगळ्या उदाहरणांनी उभा केला आणि तिकडच्या तत्त्वज्ञांना पुढची कित्येक वर्षे काम पुरवले.

जुळवलेल्या रीडिंगचे उत्तर असेच असते. पुढच्या वेळी धुराऐवजी कीटकच असतील आणि खाली आग नसेल, तेव्हा आपल्याला फरक कळणार नाही.

शब्दप्रमाणाचीही हीच गत. आपल्याला जे माहीत आहे त्यातले बहुतेक कुणीतरी सांगितलेले असते. प्लँकचा स्थिरांक मी मोजलेला नाही. ऐकीव ज्ञान म्हणून ते टाकून देता येत नाही. न्यायवाले फक्त एवढे म्हणतात, की सांगणारा आप्त असावा. म्हणजे त्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक असावी आणि खरे सांगायची त्याची इच्छा असावी. सिनिअरच्या नोट्स, मोबाइलवर आलेला निरोप, किंवा हल्ली संगणकाला विचारून मिळालेले उत्तर, यांना हे दोन प्रश्न विचारून पाहा. आणखी एक लक्षात ठेवा. एकाच वहीच्या दहा झेरॉक्स म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. मूळ वहीतला चुकलेला साइन दहाही ठिकाणी चुकलेलाच असतो.

माणसांबद्दलचे ‘माहीत आहे’

स्विचबोर्डावरची उपाधी शोधणे सोपे. माणसांबद्दलची अवघड, कारण तिथे आपल्याला ती शोधायचीच नसते. ‘मुलींना वर्कशॉप जमत नाही’ हा नियम मी पहिल्या वर्षी फिटिंगच्या जॉबला उभी असताना ऐकला. माझ्या हातातली कानस घेऊन ‘आण, मी करून देतो’ म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी तसेच पाहिले होते. पण आमच्या बॅचमध्ये सर्वांत आधी जॉब पूर्ण झाला तो वडिलांचे गॅरेज असलेल्या मुलीचा. आणि ज्या मुलांनी घरी कधी पाना धरला नव्हता त्यांचे जॉब आमच्याइतकेच वाकडे होते. उपाधी होती ‘आधी कधी हत्यार हातात पडले का’ ही. शिवाय हातातली कानस काढून घेतली की नियम आपोआप खरा होतो, ही गंमत वेगळीच.

‘अमुक जिल्ह्याची मुले अशीच’, ‘मराठी मीडियमवाल्यांना इंटरव्ह्यू जमत नाही’, ‘अमुक कोट्यातून आला म्हणजे कच्चाच’ हे सगळे नियम याच चाचणीतून काढा. किती जणांवरून हा नियम काढला? न बसणारे उदाहरण दिसले तेव्हा ‘तो अपवाद’ म्हणून सोडून दिले का? दोन-चार उदाहरणांवर आपण पुलाचा खांब उभा करणार नाही. माणसावर मात्र शिक्का मारतो.

मग मोल काय?

बर्ट्रांड रसेल मूळचा गणिती. १९१२ साली त्याने तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांवर एक लहान पुस्तक लिहिले आणि शेवटचे प्रकरण तत्त्वज्ञानाच्या मोलावरच लिहिले. त्याचा एक मुद्दा मला पटतो. एखाद्या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळू लागले की तो प्रश्न तत्त्वज्ञानातून उठून स्वतंत्र शास्त्र होतो आणि तत्त्वज्ञानाच्या पदरी अनुत्तरित प्रश्नच उरतात. म्हणून ते रिकामटेकडे दिसते. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथाच्या नावात जे शास्त्र लिहिले ते फिजिक्स नव्हते, ‘निसर्गाचे तत्त्वज्ञान’ होते. आणि आइन्स्टाईनने १९१५ सालच्या एका पत्रात लिहिले आहे, की सापेक्षतेच्या सिद्धांताच्या थोडे आधी तो ह्यूम वाचत होता आणि त्याचा त्याला उपयोग झाला. काळ सगळीकडे सारखाच चालतो, हे ‘माहीत असलेले’ ज्ञान तपासून पाहायची हिंमत कुठून तरी यावी लागते.

आपल्या मराठी मुलखातही हे मोल ओळखणारे होते. अमळनेरला कापडाची गिरणी चालवणाऱ्या श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर काढले. गिरणीमालकाला नफातोटा कळत नव्हता असे म्हणायचे धाडस मी करणार नाही.

आणि सिव्हिलच्या मित्रांनो, तुमच्या आयएस ४५६ मध्येही तत्त्वज्ञान दडलेले आहे. एम-२० काँक्रीटची २० ही ताकद म्हणजे काय? २८ दिवसांच्या चाचण्यांत जिच्या खाली ५ टक्क्यांहून जास्त निकाल जाऊ नयेत अशी अपेक्षा असते, ती. म्हणजे व्याख्येतच कबुली आहे की काही ठोकळे कमी भरतील. त्यावर पुन्हा काँक्रीटसाठी १.५ आणि पोलादासाठी १.१५ ने भागायचे. त्यातला मोठा भाग आपल्याला नेमके ठाऊक नसलेल्या गोष्टींसाठी राखलेला असतो. काँक्रीट साइटवर कालवले जाते आणि पोलाद कारखान्यात बनते, म्हणून काँक्रीटच्या वाट्याला जास्त. आपल्याला किती माहीत नाही याचा अंदाज बांधून मगच आपण स्लॅब टाकतो आणि त्याखाली निवांत झोपतो.

तेव्हा तत्त्वज्ञानाने पंखा दुरुस्त होत नाही, हे मला मान्य आहे. त्यासाठी वायरमन काकाच लागतात. पण टेस्टर हातात घेतल्यावर तो आधी चालू पॉइंटवर तपासायची बुद्धी व्हावी, एवढे काम ते नक्की करते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आज रात्री एवढेच करावे. स्वतःला पक्क्या माहीत असलेल्या पाच गोष्टी कागदावर लिहाव्यात. प्रत्येकीपुढे ती कुठल्या प्रमाणाने कळली ते लिहावे आणि ती कोणत्या अटीवर खरी आहे ते शोधावे. तिसरा रकाना भरताना पेन अडेल. तो कागद मला दाखवायला आणा, चहा माझ्याकडून.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी